प्रेमाचा पुरावा, पीडीएफमध्ये!

‘तुमचं नातं खरं आहे, हे कशावरून?’ लग्नाला आठ महिने झाल्यावर कुणी असं विचारलं, तर तुम्ही काय उत्तर द्याल? मी आधी खो-खो हसले. मग फॉर्म उघडला आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

तर मंडळी, सीन असा आहे. नवरा मेलबर्नला, तिथला पर्मनंट रेसिडेंट. मी कोथरूडला, फ्रीलान्स पत्रकार. आणि मधे ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा! अर्ज एकच, पायऱ्या दोन. आधी तात्पुरता, सबक्लास ३०९. मग अर्ज केल्यापासून साधारण दोन वर्षांनी ‘अजून एकत्र आहात ना?’ हे तपासून कायमचा, सबक्लास १००. आम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये अर्ज केला तेव्हा फी होती ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणजे सव्वापाच लाखांच्या वर, बॉस! आणि व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

पोलिस क्लिअरन्स, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडची मेडिकल, ही कामं धावपळीची, पण सरळ. खरी परीक्षा नात्याची. ते चार बाजूंनी पाहतात: पैसा, घरसंसार, समाज आणि बांधिलकी. ‘अगं, चारशे माणसं जेवून गेली, तेवढं पुरत नाही का त्यांना?’ सासूबाईंचा सवाल. नाही पुरत, आई. लग्नाचं सर्टिफिकेट लागतंच, पण लग्न झालं म्हणजे संसार सुरू झाला, असं ते गृहीत धरत नाहीत.

समाजाच्या खात्यात आम्ही फॉर्मात होतो. फोटोच फोटो! फक्त प्रत्येकात दोन आत्या, एक मामा आणि कुणाचं तरी बाळ. दोघांचेच असे मोजून सहा निघाले. पत्रिकाही जोडायची ठरली, पण इंग्रजीत नसलेल्या कागदाचं भाषांतर लागतं. भाषांतरकार बाई ‘चि. सौ. कां.’पाशी अडकल्या. ‘सौभाग्यकांक्षिणी म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियन साहेबाला कसं समजावू?’ त्यानंतर फॉर्म ८८८. आम्हा दोघांना ओळखणाऱ्या, तिथल्या किमान दोन नागरिकांनी किंवा पर्मनंट रेसिडेंटनी लिहून द्यायचं की हे नातं खरं आहे. मला ओळखणारे मेलबर्नकर दोनच. लग्नाला आलेला त्याचा जुना रूममेट आणि व्हिडिओ कॉलवर मला पुरणाचं प्रमाण विचारणाऱ्या शेजारच्या काकू. दोघांनीही हौसेनं लिहून दिलं.

विकेट पडली ती घरसंसारात. लग्नानंतर आम्ही एका छपराखाली राहिलो ते जेमतेम एकोणीस दिवस. त्यातलेही निम्मे सत्यनारायण, देवदर्शन आणि नातेवाइकांकडची जेवणं. दोघांच्या नावाचा भाडेकरार नाही, विजेचं बिल नाही. काय दाखवायचं, कप्पाळ?

मग एका रात्री जुने मेसेज चाळताना जुलै महिना सापडला. मला डेंग्यू झाला होता आणि आई-बाबा गावाला. अकरा दिवस माझ्या दारात पेज, सूप, नारळपाणी येत होतं. ऑर्डर मेलबर्नहून, कार्ड त्याचं, पत्ता माझा. मी रात्री अकराला औषध घ्यायचे, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन. फोन रोज यायचा. ‘बिलं पाठव,’ म्हटलं, तर त्यानं सोबत एका वहीच्या पानाचा फोटोही पाठवला. माझ्या प्लेटलेट्सचे आकडे, तारीखवार.

‘अरे, असं काही लिहीत होतास तू?’

‘अगं, इथे बसून दुसरं काय करणार होतो?’

चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात भेटलेल्या माणसाशी झालेलं माझं लग्न. त्या रात्री मला पहिल्यांदा रडू आलं, तेही अपलोड करायच्या फाइलमुळे!

पण पिक्चर अभी बाकी था. चौथा मुद्दा, बांधिलकी. पुढचं आयुष्य कसं आखलंय, ते दोघांनी आपापल्या शब्दांत लिहायचं. त्यानं एका बैठकीत लिहिलं, ‘ती मेलबर्नला येईल आणि आम्ही इथेच स्थायिक होऊ.’ माझं पान आठवडाभर कोरं. माझं काम मराठीत, माझी माणसं पुण्यात. डोळ्यांसमोर येत होती मावसबहीण. २००६ मध्ये एच-फोरवर न्यू जर्सीला गेलेली, हातात इंजिनीअरिंगची डिग्री. त्या व्हिसावर तेव्हा नोकरीला बंदी होती. २०१५ मध्ये अमेरिकेनं काही जणींना परवानगी दिली, ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापुढे गेलं होतं त्यांना. तोवर ताईची नऊ वर्षं गेली होती. ‘व्हिसाचं नावच डिपेंडंट गं,’ ती म्हणायची.

३०९ वर नोकरी करता येते, शिकता येतं. तो तेच सांगत होता. मी म्हटलं, ‘अरे, परवानगीचं नाही विचारत मी. तिथे मी कोण असणार, ते विचारतेय.’ मग दणकून भांडण. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. ‘तुझं पान तू लिही. माझं मी पुन्हा लिहितो.’

एजंटानं सल्ला दिला होता, ‘मॅडम, गोड गोड लिहा.’ आम्ही खरं ते लिहिलं. कुठे राहायचं यावर आमचं भांडण झालं. पहिली दोन वर्षं मेलबर्न, मी मराठीत लिहीत राहणार, तिथे काही शिकणार. दोन वर्षांनी पुन्हा बसून बोलणार, आणि तेव्हा पुण्याचं नाव काढायला बंदी नाही. सही त्याची, सही माझी.

तुम्हीही याच लाइनीत असाल तर चार गोष्टी ऐका. लग्नाची नोंदणी लगेच करा. पासपोर्टवरचं मधलं नाव आणि सर्टिफिकेटवरचं मधलं नाव जुळतंय का, तपासा. आपल्याकडे बाबांचं नाव जाऊन नवऱ्याचं कधी आलं, ते तिकडे कुणाला कळत नाही. छोटी बिलं, तिकिटं, कॉलच्या नोंदी जपून ठेवा. आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न फॉर्मच्या आधी एकमेकांना विचारा. फी भरण्याआधी विचारलात तर उत्तम!

आमचं स्टेटस अजून ‘रिसीव्हड’वरच आहे. सासूबाईंचा रोज फोन, ‘आला का गं?’

नाही आला, आई. आला की पहिला फोन तुम्हालाच.