दिवाळीची रात्रपाळी आणि सहा डिसेंबरची रजा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीवर रजेच्या अर्जांची थप्पी लागते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गेली वीस वर्षे मी हजेरी मांडण्याचे काम करतो. कुणाला धनत्रयोदशीपासून गावी जायचे असते, कुणाच्या घरी दिवाळसणाला नवा जावई येणार असतो, कुणाच्या बहिणीची पहिली भाऊबीज असते. कारखाना मात्र सगळाच्या सगळा बंद ठेवता येत नाही. भट्टी एकदा थंड पडली की पुन्हा तापवायला वेळही जातो आणि इंधनही. पंप, कॉम्प्रेसर आणि पहारा यांना सण कळत नाही. मग लक्ष्मीपूजनाच्या रात्री कामावर कोण राहणार, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. आमच्याकडे त्याचे उत्तरही वर्षानुवर्षे ठरलेले होते. "तुमची कुठे दिवाळी असते? टाका तुमची नावे!"

हे बोलणे हसत-हसत होत असे आणि त्यात खोटे असे काही नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसापासून लक्ष्मीपूजन आपल्या घरातून गेले. दिवाळी हा मुळात दीपदानाचा उत्सव होता असे काही बांधव मानतात, काही मानत नाहीत. त्या वादात मी येथे शिरत नाही. आम्ही चार-पाच बौद्ध कामगार आनंदाने नावे देत होतो. शेजारच्या मशीनवरचा भाऊ त्या रात्री आपल्या लेकरांत बसेल, यात आपले काय जाते, असा साधा विचार होता. प्रश्न दिवाळीत आला नाही. तो आला डिसेंबरात.

मस्टर खोटे बोलत नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भट्टीवर काम करणाऱ्या आमच्या एका तरुण बांधवाने ५ आणि ६ डिसेंबरची रजा मागितली. त्याला आईला घेऊन चैत्यभूमीला जायचे होते. म्हातारीचे गुडघे गेलेले. "या वर्षी घडले तर घडले, पुढचे कोणी पाहिले?" असे ती म्हणायची. सलग तीन वर्षे या पोराने लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी केली होती. त्याच्या अर्जावर लाल शेरा आला, 'माल पाठवण्याची घाई आहे, रजा नामंजूर.' सुपरवायझर वर म्हणाले, "सहा डिसेंबर हा काय सण आहे का? तो तर दुःखाचा दिवस."

पोरगा तणतणत माझ्या खिडकीशी आला. "दादा, यांच्या दिवाळीला आपण, आणि आपल्या बाबांच्या दिवसाला कोण?" त्याला काय उत्तर द्यावे मला कळेना. आमच्यातले काही जण म्हणाले, पुढच्या दिवाळीपासून एकानेही नाव द्यायचे नाही. राग खरा होता. पण त्याचा फटका बसला असता तो बाजूच्या मशीनवरच्या गरीब माणसाला. ज्याने लाल शेरा मारला, त्याची दिवाळी काही बुडणार नव्हती.

मी कॉमर्सचा माणूस. मला भाषण जमत नाही, जमाखर्च जमतो. घरी बसून मी एका कागदावर चार रकाने आखले. सण कोणता, त्या दिवशी कामावर कोण, त्याने स्वतःच्या दिवसासाठी रजा कधी मागितली आणि ती मिळाली का. तीन वर्षांचा हिशेब एका पानावर उतरला. देणे बरेच होते, येणे जवळजवळ काहीच नव्हते. साहेबांच्या टेबलावर मी तो कागद ठेवला आणि म्हणालो, "साहेब, मस्टर खोटे बोलत नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "हे आमच्या लक्षातच आले नव्हते." लक्षात येत नाही, हेच तर आपल्या देशातले जुने दुखणे आहे! पण माणूस सरळ होता. म्हणाले, "बदली माणूस द्या, रजा मंजूर करतो."

आता बदली माणूस आणायचा कुठून? ही गोष्ट कँटीनमध्ये पसरली. भट्टीवरचेच एक वयस्कर कामगार, दरवर्षी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी जाणारे वारकरी, आपण होऊन खिडकीवर आले. "रामराम. त्या पोराच्या दोन्ही रात्री माझ्या नावावर लिहा. तीन वर्षे त्याने माझी दिवाळी सांभाळली. त्याची आई आणि माझी आई वेगळी आहे का?"

मी "जयभीम" म्हणालो आणि त्यांचे नाव लिहिले. पोरगा आईला घेऊन मुंबईला गेला.

सात तारखेला तो परत आला तेव्हा बाबांनी त्याला विचारले, "माझ्यासाठी काय आणलं? प्रसाद?" पोरगा म्हणाला, "बाबा, आमच्या चैत्यभूमीवर प्रसाद नसतो, पुस्तकांचे ठेले असतात." त्याने बाबासाहेबांचे एक छोटे चरित्र त्यांच्या हातात ठेवले. बाबांना वाचायला चष्मा लागतो. त्यांच्या नातीने ते मोठ्याने वाचून दाखवले, असे त्यांनी नंतर सांगितले.

सुटी कुणी मिळवून दिली?

बंधू-भगिनींनो, सुटी ही मालकाची कृपा आहे असे पुष्कळांना वाटते. ती कशी मिळाली हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुटीसाठी झुंज दिली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्यापूर्वी कामगाराच्या आयुष्यात रविवार हा फक्त एक वार होता.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क देणारी दुरुस्ती १९४५ साली झाली. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. या दोन्हींच्या मागे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांचे श्रम होते. आज दिवाळीला गावी जाणारा कामगार कोणत्याही जातीचा असो, धर्माचा असो, त्याच्या रजेच्या अर्जावर बाबासाहेबांचा हात फिरलेला आहे. हे त्याला ठाऊक नसेल तर ते प्रेमाने सांगणे आपले काम आहे.

आणि हे केवळ मुंबई-दिल्लीचे नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे कोणा एका जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्या काळी कापड गिरणीत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरकाव नव्हता. कामगार सारे एक, असे म्हणणाऱ्यांनी आधी खात्याखात्यांतली ही भिंत पाडावी, असा त्यांचा आग्रह होता. लाल शेरा आला तेव्हा मला ते मनमाड आठवले. भिंत आता गिरणीच्या खात्यात दिसत नाही. कधी कधी ती रजेच्या वहीत दिसते.

रथाची दोरी

सण सर्वांचा असतो, असे आपल्याला नेहमी ऐकवतात. नाशिककरांनी याची परीक्षा फार पूर्वी घेतली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढच्याच महिन्यात रथोत्सव आला. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते. ते ठरलेले पाळले गेले नाही. रथ पळवून नेला गेला, आपल्या लोकांवर दगड आले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी आणि त्या पिढीने हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या रथाच्या दोरीला आपला हात चालत नव्हता, तो रथच आपण सोडला.

म्हणून मी तरुणांना सांगतो, कुणाच्या सणाचा द्वेष करू नका. पण आपल्या वाटणीची दोरी कुणाच्या हातात देऊन गप्पही बसू नका.

खंडेनवमी आणि फराळ

दरवर्षी तरुण मुले मला विचारतात, खंडेनवमीला यंत्रपूजा असते, तेव्हा आम्ही काय करावे? बोनसचे पेढे खावेत का? फराळ खावा का?

मी माझ्यापुरते सांगतो. यंत्राला हार घालून ते चालत नाही, तेल घालून चालते. त्या दिवशी आम्ही मशीन पुसतो, पट्टे आणि आच्छादने तपासतो, सैल नट आवळतो. पूजेला हात जोडत नाही. ज्याला जोडायचे आहेत त्याची थट्टाही करत नाही. सोबत्याच्या डब्यातली चकली खाल्ल्याने धम्म बाटत नाही. आपल्या आजोबांच्या ओंजळीत जे वरून पाणी ओतत होते, त्यांची नातवंडे आज आपल्या ताटात हात घालून चकली मोडतात. हे बाबासाहेबांनी आणि त्यांच्या घटनेने घडवले. ते नाकारायचे कशाला?

बोनस घेताना मात्र मान ताठ ठेवा. ती लक्ष्मीची कृपा नाही. तो वर्षभराच्या घामाचा हिशेब आहे आणि १९६५ च्या कायद्याने तो कामगाराचा हक्क झाला. त्यातले फटाक्यांत किती जाळायचे आणि पोरीच्या फीसाठी किती ठेवायचे, हे घरात दोघांनी बसून ठरवावे.

सिगालाला सांगितलेली सुटी

राजगृहात सिगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करत असे. भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. आई-वडील, गुरू, पत्नी आणि मुले, मित्र, श्रमण या पाच दिशा. सहावी, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे. त्यांच्याशी धन्याने कसे वागावे? ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात गोडधोड झाले तर वाटून खावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटीचा विचार करणारा हा आपला शास्ता! दीघनिकायातील हे सिगालोवाद सुत्त प्रत्येक विहारात वर्षातून एकदा तरी वाचले जावे, असे मला वाटते. आणि त्याच सुत्तात कामगाराचेही कर्तव्य आहे. दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे.

या सुत्ताच्या आधारे पाहिले तर आपल्याला आणखी दोन माणसे दिसतील. एक ठेकेदाराकडचा कामगार. पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी भाऊ आमच्याकडे ठेकेदारीवर येतात. कायम कामगार सुटी मागतो, हे काम मागतात. कारण त्यांच्यासाठी सुटी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. दुसरे माणूस आपल्याच घरात आहे. लोखंड्यांनी गिरणी कामगाराला रविवार मिळवून दिला, पण त्याच्या बायकोला तो अजून मिळालेला नाही. आपण बुद्धपौर्णिमेची सुटी साजरी करतो, खीर मात्र पहाटे उठून तीच ढवळते. गेल्या पौर्णिमेला आमच्या घरी खीर मी आणि मुलाने केली. थोडी करपली. सौभाग्यवती म्हणाल्या, "करपली तरी चालेल, मला वंदनेला वेळेवर जाता आले."

पाळीची वही

त्या डिसेंबरनंतर आमच्याकडे एक वही सुरू झाली. शंभर पानी, साधी. जानेवारीतच प्रत्येकाने आपल्या घराला सर्वांत महत्त्वाचे दोन दिवस तीत लिहायचे. वारकरी बाबा निवृत्तिनाथांची यात्रा लिहितात. टर्नर असलेले मुस्लिम भाऊ दोन्ही ईद लिहितात. शरणपूरचे एक ख्रिस्ती सहकारी नाताळ लिहितात. पेठकडचे भाऊ होळी लिहितात, कारण त्यांच्या पाड्यावर होळीच मोठी. आम्ही चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर लिहितो. ज्याने दुसऱ्याचा दिवस सांभाळला, त्याचा दिवस आधी मंजूर. ठेकेदारीवरच्या भावांची नावे वहीत आली आहेत, पण त्यांच्या सुटीचा पगार अजून आलेला नाही. ते काम बाकी आहे आणि आम्ही ते सोडलेले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही आजही भट्टीवर असतो. मात्र आता नाव कुणी टाकत नाही, आम्ही ते स्वतः देतो. रात्री अकराच्या सुमारास वारकरी बाबांचा मुलगा गेटवर फराळाचा डबा देऊन जातो. चार जण कागद पसरून बसतात. बाहेर शहरात आतषबाजी चाललेली असते, आत भट्टीचा उजेड असतो. आणि सहा डिसेंबरला पहाटे आम्ही दादरच्या रांगेत उभे असतो, तेव्हा आमच्या भट्टीवर दुसरे कुणीतरी जागे असते.

सहा डिसेंबर जवळ येत आहे. आपापल्या कार्यालयात, कारखान्यात, डेपोत रजेचे अर्ज आजच द्या. तोंडी नको, लेखी द्या आणि प्रत जवळ ठेवा. अर्ज देताना एकदा स्वतःलाही विचारा, या वर्षी मी कुणाचा दिवस सांभाळला?

जयभीम! नमो बुद्धाय!