शहीद, हुतात्मा आणि समाजाची साक्ष

सीमेवर जवान धारातीर्थी पडल्याची वार्ता येते, तेव्हा एका वृत्तपत्रात तो ‘शहीद’ असतो, तर दुसऱ्यात ‘हुतात्मा’. दोन्ही शब्द समानार्थी म्हणून योजले जातात. त्यांची कुळे मात्र भिन्न आहेत.

‘शहीद’ हा अरबी शब्द ‘साक्ष देणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. साक्षीला ‘शहादत’ म्हणतात, ती याच कुळातली. इंग्रजीतील ‘मार्टर’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच होता. आपल्या श्रद्धेची साक्ष जो प्राण देऊन पटवतो, तो शहीद.

‘हुतात्मा’ची कल्पना यज्ञातून आली. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली, तो हुतात्मा. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘शहीद’ला पर्याय म्हणून हा शब्द पुढे आणला आणि मराठीने तो आपलासा केला. त्याचे भाववाचक नाम ‘हौतात्म्य’ असे होते.

सरकारदरबारी मात्र या शब्दांना स्थान नाही. ‘शहीद’ ही संज्ञा आपल्याकडे वापरात नसल्याचे संरक्षण व गृह मंत्रालयांनी २०१७मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे स्पष्ट केले. लष्कराच्या कागदपत्रांत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी नोंद होते. कुटुंबाचे निवृत्तिवेतन आणि भरपाई ठरते ती मृत्यू कोणत्या परिस्थितीत आला, यावरून. गौरवाच्या बिरुदावरून नव्हे.

मग हे बिरुद देते कोण? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन येथे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांना हुतात्मा म्हटले ते जनतेने. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढे त्या जागी स्मारक उभे राहून तिला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले. ज्या शासनसंस्थेने गोळ्या झाडल्या, तिचेच प्रतिनिधी आज तेथे पुष्पचक्र वाहतात.

म्हणजे हा सन्मान कायद्याने नव्हे, तर समाजाच्या साक्षीने मिळतो. म्हणूनच तो देताना विवेक हवा. प्रत्येक दुर्दैवी मृत्यूला ‘हौतात्म्य’ म्हटले, तर त्या मृत्यूस जबाबदार कोण, हा प्रश्न फुलांखाली झाकला जातो आणि ज्यांनी जाणूनबुजून प्राण पणाला लावले, त्यांच्यासाठी वेगळा शब्द उरत नाही.