रेसचा घोडा कसा निवडतात? आणि गाळा घेताना तेच गणित कसं लावायचं?



मागच्या महिन्यात लातूरच्या बॅचमध्ये एका ताईंनी वही पुढे केली. ट्यूशन एरियात मेस टाकायची होती. डिपॉझिट ३ लाख, भाडं महिना ४५ हजार. मी विचारलं, "भाडं निघेल का?" त्या म्हणाल्या, "सर, तिथं मेस चालतेच. पोरंच पोरं आहेत."

वाक्य खोटं नव्हतं. पण मला एकदम पुण्याचं रेसकोर्स आठवलं. ते का, हे नीट समजून घ्या. ज्याला पहिलं दुकान टाकायचंय त्याच्या कामाची गोष्ट आहे.

तीन घोडे जिंकले, तरी पैसे गेले

बीबीएला पुण्यात असताना एका रविवारी मित्रांबरोबर रेस बघायला गेलो होतो. पुण्यात पावसाळ्यात रेस असतात, आणि नोव्हेंबरच्या सुमारास सीझन मुंबईला महालक्ष्मीला जातो. मी हुशारी केली. प्रत्येक रेसमध्ये फेव्हरिट घोडाच घ्यायचा. ज्याच्यावर सगळ्यांचा पैसा, तो फेव्हरिट.

सहा रेस, प्रत्येकी २०० रुपये, एकूण १२०० लावले. सहापैकी तीन घोडे जिंकले! पण त्यांचा भाव होता रुपयाला ४० पैसे, ६० पैसे आणि ८० पैसे. हातात आले २८०, ३२० आणि ३६०. बेरीज ९६०. म्हणजे निम्मे अंदाज बरोबर येऊनही २४० रुपये गेले, आणि ते माझ्या मेसच्या पैशातले होते.

त्या दिवशी कळलं की 'कोण जिंकेल' हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे 'त्यासाठी मला भाव काय मिळतोय'.

माळेगावच्या बाजारात हेच चालतं

आपल्याकडं रेसकोर्स नाही, पण घोड्याची पारख नवीन नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार बघितला असेल. जाणता माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, कारण दातावरून वय कळतं. मग घोडा चालवून बघतो, पाय उचलतो कसा, टेकतो कसा. त्यानंतर भोवरे आणि रंग. पंचकल्याणी असला की भाव चढतो.

आता विचार करा. दात आणि चाल घोड्याबद्दल काहीतरी सांगतात. चार पाय आणि तोंड पांढरं असल्यानं घोडा जोरात पळत नाही, पण किंमत मात्र वाढते. काही गोष्टी ताकद सांगतात, काही फक्त भाव वाढवतात. दोन्ही वेगळ्या काढायला शिकणं हीच पारख.

रेसच्या आधी जाणकार काय बघतात?

१. अंतर. इंडियन डर्बी ही आपल्या देशातली मोठी रेस, १९४३ पासून चालू आहे. महालक्ष्मीला साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते, चार वर्षांच्या घोड्यांची, अंतर २४०० मीटर. त्याआधी डिसेंबरमध्ये २००० गिनीज होते, ती १६०० मीटरची. गिनीज मारलेला घोडा डर्बीत पुढचे ८०० मीटर दम टिकवेलच असं नाही. म्हणून मागचा विजय कुठल्या अंतरावर होता ते आधी बघतात.

२. वजन. बऱ्याच रेस हँडिकॅप असतात. घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून रेटिंग ठरतं, आणि चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिसं घालून वजन पूर्ण करतात. म्हणजे मागच्या वेळी सहज जिंकलेला घोडा या वेळी ओझं घेऊन पळतो.

३. सोबत कोण पळालं. पहिला आला, पण कोणाला हरवून? खालच्या क्लासमधला पहिला नंबर वरच्या क्लासमध्ये पाचवा ठरू शकतो.

४. ट्रॅक. पावसानं ट्रॅक मऊ झाला की काही घोडे खुलतात, काही अडखळतात.

५. सकाळचा सराव आणि पॅडॉक. सरावाच्या वेळा छापून येतात. रेसच्या आधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात, तिथं घोडा शांत आहे का घामाघूम झालाय, ते डोळ्यांनी दिसतं.

एवढं केलं की प्रत्येक घोड्याला अंदाजे शक्यता द्यायची. हा १० पैकी ४ वेळा जिंकेल, तो १० पैकी २ वेळा. आणि मग, सगळ्यात शेवटी, भाव बघायचा.

भावाच्या आतलं गणित

समजा पाच घोडे आहेत. भाव असे: पहिला रुपयाला रुपया, दुसरा २, तिसरा ४, चौथा आणि पाचवा ९-९. कुठलाही जिंकला तरी हातात १०० यावेत म्हणून पाचही घोड्यांवर लावायचे झाले तर लागतील ५०, ३३, २०, १० आणि १०. बेरीज १२३. म्हणजे १२३ घालायचे आणि १०० घ्यायचे. वरचे २३ बुकीचे! टोटमध्ये वेगळं नाही. सगळ्यांचा पैसा एकत्र जमतो, आधी कपात होते, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात.

आता फेव्हरिट बघा. रुपयाला रुपया भाव, पण तो खरं तर १० पैकी ४ वेळाच जिंकणार असेल तर? दहा वेळा १०० लावले, १००० गेले, ८०० आले. उलट ९ चा भाव असलेला घोडा २० पैकी ३ वेळा जिंकत असेल तर २००० घालून ३००० येतात. पण मधे १७ वेळा हरायचं आहे. तेवढं भांडवल आणि तेवढा धीर लागतो.

मग सर, रेस खेळायची का?

नाही. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, हे खरं. पण कौशल्य असूनही घर भरत नाही. बेटच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. 'पक्की टिप' देणारे मोबाईलवर येतात, त्यांना एकच विचारा: पक्की आहे तर मला का विकता? दुकानाचं भांडवल तिकडं वळवू नका. शिकायचं ते फक्त गणित.

आता मेसकडे या

ट्यूशन एरियातला गाळा म्हणजे फेव्हरिट घोडा. चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, मालकाला तर पहिलं माहीत आहे. ते माहीत असणं भाड्यात आधीच धरलेलं असतं. आणि मेस जोरात चालली की ॲग्रीमेंट रिन्यू करताना मालक भाडं वाढवणार. हेच ते हँडिकॅपचं वजन.

आम्ही वहीत मांडलं. किराणा, गॅस, भाजी, स्वयंपाकाच्या बायांचा पगार सगळं जाऊन एका पोरामागं महिन्याला ७०० उरतात. ४५ हजार भाड्याला ६५ पोरं लागतात, ती फक्त घरमालकासाठी. मागच्या गल्लीत १८ हजारांचा गाळा आहे, तिथं २६ पोरांत भाडं निघतं. शिवाय मे महिन्यात नीट झाली की पोरं गावाकडं जातात. मेस रिकामी राहते, भाडं मात्र चालूच.

गाळा घेण्याआधी तुम्हीही चार ओळी लिहा:

- मला किती गिऱ्हाईक मिळेल, खरा अंदाज?
- भाडं निघायला किती लागतं?
- दोन्हीत फरक किती, आणि तो माझ्या बाजूनं आहे का?
- अंदाज चुकला तर किती महिने तग धरू शकतो?

दुसऱ्या ओळीचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर जागा कितीही नामी असो, उठून या. रेसमध्येही जाणता माणूस बऱ्याच रेस नुसत्या बघतो.

त्या ताईंनी डिपॉझिट अजून भरलेलं नाही. घरूनच डबे सुरू केलेत, आज २२ आहेत. २६ झाले की मागच्या गल्लीत जाऊ म्हणतात. मी म्हटलं, "३५ होऊ द्या. मे महिना मधे आहे."