दारूबंदीच्या कायद्यावर चालणारे बार

मागच्या भागात आस्थापना कायद्याविषयी लिहिताना एक अपवाद घाईत उरकला होता. २०१७च्या त्या कायद्यामुळे महाराष्ट्रात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली, पण दारूविक्रीला नाही. मुंबईत २७ जानेवारी २०२०पासून काही मॉल आणि उपाहारगृहांना रात्रभर परवानगी मिळाली, तेव्हाही परमिट रूमची वेळ रात्री दीडचीच राहिली. म्हणजे पहाटे तीनला बिर्याणी कायदेशीर, बिअर बेकायदा.

याचं मूळ १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी हट्टानं आणलेला हा कायदा. दारू बनवणं, बाळगणं, विकणं, पिणं, परवान्याशिवाय सगळाच गुन्हा. त्याला आव्हान मिळालं. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून वगळली, बाकीचा कायदा बहुतांशी उभा राहिला. १९६०मध्ये राज्याची वाटणी झाली आणि हा कायदा दोन्ही घरांत गेला. गुजरातनं बंदी पाळली. महाराष्ट्रानं साठच्या दशकात परवान्यांचा हात सैल सोडला. सुरत कोरडी आणि मुंबई ओली, पण दोन्हींकडे मूळ कायदा एकच!

आपल्याकडे कागदोपत्री आजही बंदीच आहे, आणि पिणारा प्रत्येक जण सवलतीवर पितो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं परमिट पाच रुपयांचं, देशीसाठी दोन रुपयांचं. वर्षाचं शंभर, आजन्म हजार. ही पाच रुपयांची चिठ्ठी बारमध्येच फाडली जाणं अपेक्षित असतं, पण बहुतेक गिऱ्हाइकांच्या ती कधी नजरेस पडत नाही. आणि वय? बिअर, वाइनला २१, बाकीच्या मद्याला २५. बावीस वर्षांच्या मुलानं आमदार निवडावा, लग्न करावं, व्हिस्कीसाठी मात्र तीन वर्षं थांबावं. हा नियम सरकारलाही मनापासून खरा वाटत असेल, असं मला वाटत नाही.

मुळात सगळी सवलतच असल्यामुळे ती वाढवायला किंवा काढून घ्यायला विधिमंडळात जावं लागत नाही. ३१ डिसेंबरला बार पहाटे पाचपर्यंत चालतात ते एका आदेशावर. उलट बाजूनं, कायदा-सुव्यवस्थेचं कारण दाखवून जिल्हाधिकारी कलम १४२खाली दुकानं बंद करू शकतात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात ते मात्र वेगळ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्यामुळे.

या सगळ्या व्यवस्थेत सामान्य माणसाच्या हाती, खरं तर बाईच्या हाती, एकच थेट हत्यार आहे: बाटलीचं मतदान. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होते आणि गुप्त मतदान ठरतं. लिहिता-वाचता न येणारीलाही कळावं म्हणून मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. खरी मेख आकड्यात आहे. आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. हजार महिला मतदार असतील, सहाशे आल्या आणि पाचशेजणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच. शेतमजुरीला गेलेली, ऊसतोडीला बाहेरगावी असलेली, नवऱ्यानं घराबाहेर पडू न दिलेली, या सगळ्यांची मतं आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. आमदाराला निवडून यायला अशी अट घातली असती, तर विधानसभेतल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात महामार्गापासूनच्या पाचशे मीटरांचा हिशेब: सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६चा निकाल, आणि तो चुकवायला काही राज्यांनी महामार्गांचा दर्जाच बदलण्याची काढलेली शक्कल.