सालसाला जिमचे शूज का नकोत?

पुण्यात सालसा-बचाटाच्या सोशलला पहिल्यांदा जाणारे अनेकजण जिमचेच शूज घालून जातात. त्यांचा रबरी सोल फ्लोअरला घट्ट धरतो. गिरकी घेताना शरीर वळतं, पाऊल तिथंच राहतं आणि पीळ बसतो गुडघ्याला.

लाकडी फ्लोअरवर स्वेडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा सोल उत्तम. तो सरकतो, पण निसटत नाही. लव दबली की तारेच्या ब्रशनं उठवायची. हे शूज रस्त्यावर मात्र घालू नका. पुण्याच्या पावसात तर नाहीच. कॅफेतल्या चकचकीत ग्रॅनाइटवर स्वेड घसरू शकतं, गच्चीच्या खरखरीत कोब्यावर झिजतं. गच्चीवर सोल झिजून गुळगुळीत झालेले जुने स्नीकर्स बरे. नवख्यांनी हील बुटकी, रुंदच घ्यावी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात.