गाव सुटले, गाणे सुटले नाही

वाचकहो, बटाट्यावरचा करपा तुम्हाला ठाऊक आहेच. १८४५ साली तो आयर्लंडमध्ये पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने दगावली, तितकीच परदेशी गेली. जमीन मागे राहिली, पण पाठ असलेली गाणी सोबत गेली.

पुढे कॉर्क परगण्यातला फ्रान्सिस ओनील अमेरिकेत शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. तिथल्या आयरिश वादकांकडून त्याने चाली गोळा केल्या. सहकारी जेम्स ओनीलने त्या लिहून काढल्या. १९०३ साली १,८५० चालींचा ग्रंथ निघाला. मायदेशीचे वादकही त्यावरून शिकले.

आयर्लंडात १९५१ साली सुरू झालेल्या संगीतमेळ्याला परदेशी वाढलेली मुलेही वाद्ये घेऊन येतात.

तुमच्या घरी जात्यावरच्या ओव्या कोणाला येतात? मुलांकडून त्या लिहून घ्या.