शून्य नंबरचं कार्ड

2013 च्या पावसाळ्यात लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घेतला आणि गर्दीत चेपू नये म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून दिव्याला घरी आणला. लोकलच्या पासाच्या पाकिटाएवढी हिरवी पट्टी. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आवाज येतो का ह्यातून?"

सगळा खटाटोप आवाजासाठीच होता. कोकणातल्या आमच्या गावी गणपतीत रंगलेल्या भजनाच्या डबलबाऱ्यांच्या बावीस कॅसेटी कपाटावर बुरशी धरत होत्या, त्या मला संगणकात उतरवायच्या होत्या. पायला आवाज बाहेर सोडायला भोक होतं, आत घ्यायला नव्हतं. म्हणून दीडशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणलं. त्यावर ठसठशीत छापलं होतं '7.1 चॅनेल'. आतली चिप तैवानच्या सी-मीडियाची, सीएम 108 च्या घराण्यातली. बाहेर जायला दोन चॅनेल, आत यायला एकच. उरलेले छापणाऱ्याच्या मनात असावेत.

कार्ड खोचलं आणि लिनक्सने ते लगेच ओळखलं. ड्रायव्हर शोधावा लागला नाही. लिनक्समध्ये आवाजाची व्यवस्था 'अल्सा' बघते. यारोस्लाव किसेला यांनी 1998 मध्ये सुरू केलेलं हे काम 2002 मध्ये कर्नलमध्ये सामावलं गेलं. एवढ्या मुरलेल्या व्यवस्थेत माझं कार्ड यादीत दिसत होतं आणि तरीही मुकं होतं. आवाज जात होता पायच्या स्वतःच्या भोकातून, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. कारण अल्सा कार्डांना शून्यापासून नंबर देते, आणि कोणी वेगळं सांगितलं नाही तर सगळं शून्य नंबरच्या कार्डाकडे धाडते. माझं कार्ड होतं एक नंबरवर.

रात्री दोन वाजता गुन्हेगार सापडला. 'अल्सा-बेस' नावाच्या फाइलीत एक ओळ होती, यूएसबी ऑडिओचा इंडेक्स उणे दोन. उणे दोन नंबर म्हणजे काय, हे कळायला मला पुढचे काही महिने लागले. संगणकाच्या भाषेत उणे दोन लिहिलं की सगळे बिट एक आणि शेवटचा तेवढा शून्य. अल्सा त्याचा अर्थ लावते, 'कुठल्याही रिकाम्या जागी बस, फक्त पहिली सोड.' वेबकॅम लावल्यावर त्याचा माइक डेस्कटॉपचं मुख्य कार्ड होऊन बसू नये, म्हणून कोणीतरी शहाणपणाने घातलेली ही अट. माझ्या पायवर मात्र यूएसबी कार्डच काय ते कामाचं होतं. ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकून ती निकामी केली, यंत्र पुन्हा चालू केलं आणि 'अल्सामिक्सर'मध्ये एफ 6 दाबून पाहिलं, तर कार्ड शून्यावर. एफ 4 दाबून माइकची पट्टी जवळजवळ तळाशी आणली, कारण तो गुलाबी सॉकेट माइकच्या क्षीण आवाजासाठी असतो. कॅसेट प्लेयरचं हेडफोनचं आउटपुट त्यात सरळ घातलं की पखवाज फुटक्या पत्र्यासारखा वाजतो.

पहिली कॅसेट उतरली, पण मध्येच टिक, मध्येच टिक. कॅसेटीला दोष दिला, वायर बदलली. दोष खाली होता. त्या पायच्या चिपला यूएसबीची वाट एकच. तिच्यावरच हब, तिच्यावरच नेटवर्क. साउंड कार्ड दर मिलिसेकंदाला एक पुडकं पाठवतं, 44,100 च्या वेगाला त्यात सुमारे 44 नमुने. पायचा प्रोसेसर दुसरीकडे गुंतला की एखादं पुडकं हुकायचं, आणि हुकलेलं पुन्हा मागवायची सोय ह्या प्रकारात नसतेच. उपाय सापडला तो अघोरी होता. बूटच्या ओळीत एक शब्द टाकून सगळी यूएसबी जुन्या, सेकंदाला 12 मेगाबिटच्या चालीवर आणायची. टिकटिक थांबली आणि नेटवर्क गोगलगाय झालं. तासाभराची मोनो फाइल सुमारे 318 एमबी. ती लॅपटॉपवर जाईपर्यंत चहा, कांदेपोहे, दोन्ही व्हायचं. पुढे यूएसबीचा ड्रायव्हर सुधारला आणि तो शब्द काढता आला. तोवर कॅसेटींचा अर्धा ढीग संपला होता. उरलेला वेळ लोडशेडिंगने खाल्ला. चालू यंत्राची वीज गेली की कधी नुसतं रेकॉर्डिंग जायचं, कधी अख्खं मेमरी कार्ड.

2014 च्या उन्हाळ्यात दिव्याजवळच्या साबे गावातल्या एका आजींनी धवले म्हणून दाखवायचं कबूल केलं. आगरी लग्नात धवले गाते ती धवलारीण. आजी तरुणपणापासून ते करत आलेल्या. जात्यावरच्या ओव्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केल्या, 1 लाखाहून जास्त. धवल्यांचं काम त्या मानाने विखुरलेलं. मी पॉवर बँक, पाय, कार्ड आणि कॉलरचा माइक घेऊन गेलो. आजी तास-दीड तास गायल्या.

घरी ऐकलं तर विचित्रच. आजींचा आवाज चालू आहे तोवर मागे शांतता, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की सगळं दिवा गाव उसळून वर. पंखा, कोंबडा, फाटकापाशी खोळंबलेल्या गाडीचा भोंगा. मग आजींची पुढची ओळ आली की ते सगळं पुन्हा खाली. कार्डात 'ऑटो गेन कंट्रोल' नावाची कळ असते. आवाज कमी झाला की ती आपणहून पट्टी वर सरकवते. बंद करायला अल्सामिक्सरमध्ये एम दाबायचं एवढंच. मी दाबलं नव्हतं. आठवड्याने पुन्हा गेलो, कळ बंद करून स्वच्छ रेकॉर्डिंग केलं. आजी म्हणाल्या, "तेच गाणं दोनदा कशाला? लग्न एकदाच असतं."

2015 च्या शेवटी पायच्या लिनक्सची नवी आवृत्ती, जेसी, टाकली. माझी हॅशवाली फाइल जागेवर नव्हतीच. तीच ओळ दुसऱ्या फोल्डरात, दुसऱ्या नावाच्या फाइलीत जाऊन बसली होती. तेव्हा नंबरांचा नाद सोडला आणि कार्डाला नावाने हाक मारायला शिकलो. होम फोल्डरात छोटी फाइल, तिच्यात 'डिव्हाइस' हे कार्डाचं नाव. ते फार बरं झालं, कारण पुढच्या काही वर्षांत एचडीएमआय आणि हेडफोन अशी वेगवेगळी कार्डं दिसायला लागली, आणि शून्यावर कोण हे आवृत्तीगणिक बदलत गेलं. 2016 च्या डिसेंबरात दिव्याला फास्ट लोकल थांबायला लागली, त्या दिवशी सगळ्या गावाने तिला पाहायला गर्दी केली होती. पायच्या नशिबी तशी गर्दी नाही, पण 2019 चा पाय 4 माझ्यासाठी तसाच होता. यूएसबीला स्वतंत्र चिप, नेटवर्कला स्वतंत्र वाट. उरलेल्या कॅसेटी टाळेबंदीत एकही टिक न करता उतरल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

2023 च्या बुकवर्म आवृत्तीत आवाज सांभाळायला पाइपवायर आलं. आता कार्ड खोचायचं, कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारायची, झालं. मात्र मी रेकॉर्डिंग क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालण्यावर, सोडलं तेव्हा यंत्र पुन्हा मुकं. पाइपवायर लॉगिन केलेल्या माणसाबरोबर चालतं आणि क्रॉनच्या वेळी घरात कोणी 'आत' नव्हतंच. जुनी अल्सा खाली तशीच होती. थेट तिच्याशी बोललो, काम झालं.

गेल्या वर्षी पाय 5 घेतला. त्याला हेडफोनचं भोकच नाही. ड्रॉवरमधून तेच दीडशे रुपयांचं कार्ड काढलं, '7.1'मधला 7 घासून गेलेला, आणि हाताला लागली ती फाइल लावली. आजींच्या दोन रेकॉर्डिंगपैकी पहिली, बिघडलेली. आजी 2018 मध्ये गेल्या. स्वच्छ फाइल त्यांच्या नातीला कधीच दिली होती. ही मी कोणाला दिली नव्हती. आजी एक ओळ म्हणतात, थांबतात, आणि फाटकावर भोंगा वाजतो, लांबलचक, मग कोणीतरी ओरडतं, "अरे गेट लाव की!" मग पुढची ओळ.